चौदाव्या हिश्शाचं ओझं

संशयी : तुमच्या छंदावरचा पहिला आक्षेप मी घ्यायच्या आधी कस्टमवाल्यांनीच घेऊन ठेवलाय. आयातकराच्या तक्त्यात ९५०३ या क्रमांकाखाली काय काय येतं पाहा: मुलांच्या तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांना फिरवायच्या गाड्या, कोडी, आणि त्यांच्याच पंगतीला लहान आकाराच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती, मग त्या चालोत की न चालोत. म्हणजे जपानहून येणारा तुमचा रिमोटवरचा ट्रक आणि कुणाच्या तरी नातीची बाहुली, दोघांना कायदा एकच. २०२० साली या पंगतीवरचा मूळ आयातकर २० टक्क्यांवरून ६० वर गेला, २०२३ साली ७० वर. हा भुर्दंड सोसायचा, वर रेडिओ, स्पीड कंट्रोलर, बॅटरी, इंजिनाचा आवाज काढणारी पेटी वेगळी घ्यायची. आकडा लाखापलीकडे जायला वेळ लागत नाही. आणि एवढं करून तो ट्रक जातो कुठे? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत येतो. याला खेळणं म्हणा, माझी काही तक्रार नाही. पण खेळणं म्हटलं की तुमच्यातले निम्मे लोक रागावतात. का रागावतात, तेवढं मला समजावून सांगा.

हौशी : मी त्या निम्म्यांतला नाही, खुशाल खेळणं म्हणा. पण खेळण्याखेळण्यांत फरक असतो. जत्रेतल्या ट्रकला चार चाकं आणि पुढे तोंड असलं की भागतं. उरलेला ट्रक मूल मनानं पुरा करतं. प्रतिकृती करणारा मनावर काही सोडायला तयार नसतो. शिझुओकातली तामिया ही कंपनी घ्या. १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून निघालेली. रेडिओवर चालणारी तिची पहिली गाडी १९७६ ची, खऱ्याच्या बाराव्या हिश्शाची पोर्शे ९३४. त्या मॉडेलसाठी शुनसाकु तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचे भाग न् भाग सुटे करून मोजले. परत जोडायला पोर्शेचेच जाणकार लागले. आता याला तुम्ही वेडेपणा म्हणाल, पण जत्रेतलं खेळणं करणाऱ्याला असला वेडेपणा परवडत नाही.

१९९० च्या दशकात याच कंपनीचे चौदाव्या हिश्शाचे ट्रक आले. आधी अमेरिकी थाटाचा लांब नाकाचा किंग हॉलर, मग मर्सिडीज, स्कॅनिया, व्होल्व्हो. खोकं उघडलं की ट्रक निघत नाही. निघतात चासीच्या दोन लांब पट्ट्या, पाट्यांचे जुडगे, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअलची चाकं आणि तीन गिअरची पेटी. ती पेटी खरोखर गिअर बदलते. रिमोटवरची एक कांडी त्यासाठीच राखून ठेवलेली असते. मी रोज एसटीनं ऑफिसला गेलो, आयुष्यभर ट्रकांच्या मागे गाडी हाकली, पण मागच्या दोन चाकांना एकाच दांड्यानं का जोडत नाहीत हे मला त्या पेट्या जोडताना कळलं. वळणावर बाहेरचं चाक जास्त रस्ता कापतं, आतलं कमी. डिफरन्शिअल त्या दोघांना आपापल्या चालीनं चालू देतं. मग तोच ट्रक मी गुळगुळीत फरशीवर नेला, एक चाक जागच्या जागी गरगरलं आणि गाडी अडली. म्हणून पुष्कळ जण मागचं डिफरन्शिअल आतून घट्ट करून टाकतात. तसं केलं की चढ चढतो, पण वळताना पुढची चाकं सरळ घसरत जातात आणि टायर झिजतात. खऱ्या टिपरमध्ये डिफरन्शिअल लॉकचं बटण का असतं, आणि चिखलातून बाहेर आल्यावर ड्रायव्हर ते घाईनं का सोडतो, याचं उत्तर मला कुणी सांगावं लागलं नाही.

संशयी : हे उत्तर शाळेच्या पुस्तकातल्या एका आकृतीत आहे आणि त्यावर सत्तर टक्के कर नाही. बरं, आकृतीनं बोटांना काही कळत नाही म्हणाल, तेही मान्य. पण तुमच्या बोटांना तरी कुणाचं शहाणपण कळलं? कुठला स्क्रू कुठे, कुठल्या दात्याला किती ग्रीस, सगळं त्या पुस्तिकेत क्रमानं छापलेलं. किट जोडणं म्हणजे हुशार मुलाच्या वहीतलं गणित सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं. उत्तर बरोबर येतं, पण सोडवलंय दुसऱ्यानं. त्यानंतर जे सुरू होतं, ज्याला तुम्ही गाडी आपल्या मनासारखी करणं म्हणता, ते तर मला निव्वळ खरेदी वाटते. प्लॅस्टिकच्या बुशांच्या जागी बेअरिंगं घ्या, प्लॅस्टिकच्या हबच्या जागी ॲल्युमिनियमचे घ्या, बारीक एलईडी घ्या, वेगळी ग्रिल घ्या. शेवटी दहा लोकांच्या दहा गाड्या एकाच कॅटलॉगातून सजलेल्या असतात, आणि दहाही जण म्हणतात की आमची कुणासारखी नाही.

हौशी : दुसरा अर्धा भाग मी लिहून देतो. बाजारातून भाग आणून चढवले म्हणजे कारागिरी झाली, असं मीही मानत नाही. बेअरिंगांना मात्र वगळा. ती डौलासाठी नसतात, घर्षण कमी करतात. पण पहिला अर्धा भाग चुकतो तो आपल्या ट्रकपाशी. तामियाच्या यादीत टाटाचा किंवा अशोक लेलँडचा ट्रक नाही. दहा चाकी करायचा तर पुस्तिका नाही, नकाशा नाही, आणि खरी अडचण अशी की नक्की मूळसुद्धा नाही. स्कॅनिया कारखान्यातून केबिनसकट बाहेर पडते; एक मोजली की त्या जातीच्या सगळ्या मोजून झाल्या. आपल्याकडे कित्येक वर्षं कारखान्यातून निघायची ती नुसती चासी: इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढचा पत्र्याचा मुखवटा. केबिन आणि हौदा बांधायचे बॉडीवाले. तमिळनाडूतलं नामक्कल तर त्यावरच नावारूपाला आलं. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, मालकाच्या मर्जीनं खिडकीची कमान, सुताराच्या हातानं फाळक्याची उंची. एकाच दिवशी निघालेल्या दोन चासी दोन गावांत गेल्या की दोन वेगळे ट्रक होतात.

म्हणून मी टेप घेऊन ट्रक टर्मिनलवर जातो. मागचं चाक ते फाळका किती, डिझेलची टाकी चासीच्या किती बाहेर, क्लीनरच्या बाजूचं दार किती उघडतं. एक ड्रायव्हर म्हणाला, हे सगळं मोजून बांधलेलंच नाही तर तुम्ही काय मोजणार? पण मोजलं की कळतं, मोजून बांधलेलं नसलं तरी ते उगाच बांधलेलं नाही. हौद्याच्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर, ताडपत्रीची दोरी अडकवायचे हूक, केबिनच्या टपावरचा कठडा, प्रत्येकामागे कुणाचा तरी हात कुठवर पोचतो याचा हिशेब आहे. आणि हे करणारा मी एकटा नाही. केरळात सनबोर्ड आणि फोमशीट कापून राज्य परिवहनाच्या बस आणि लॉऱ्या हुबेहूब करणारी तरुण मुलं आहेत. आपल्याकडे एसटीची लालपरी तशीच करतात. त्यांनी कुणाची वही उतरवली?

संशयी : त्या मुलांना माझा नमस्कार. आमच्या गावात जुन्या चपलांची चाकं कापून, बाभळीच्या काडीचा आस घालून गाड्या व्हायच्या, त्यांनाही. त्यांच्याशी माझं भांडण नाही, कारण ते कसला दावा करत नाहीत. दावा तुम्ही करता, हुबेहूबपणाचा. आणि म्हणून तुमच्याशी वाद घालायचा तर हुबेहूब कशाशी, हे विचारायला हवं. मी अशी एक मांडणी बघितली. सुंदर टिपर होता, पिवळा. दारांच्या खाली गंज उतरलेला, हौद्याच्या आत गंज, फाळक्याच्या बिजागऱ्यांवर गंज, चिखलाचे शिंतोडे. करणारे गृहस्थ कौतुकानं सांगत होते की हा दगडखाणीवर वीस वर्षं राबलेला ट्रक आहे. तो ट्रक दीड महिन्याचा होता! त्यावरचं म्हातारपण ब्रशनं लावलेलं. ज्याच्या घामानं ती वीस वर्षं भरली असती, तो माणूस कुठेच नाही, आणि त्या वीस वर्षांची शोभा मात्र तुमच्या दिवाणखान्यात.

हौशी : गंजाबद्दल बोलायला मला आवडेल, कारण त्यात चुका लगेच उघड्या पडतात. कृती तशी सोपी आहे. आधी गंजाच्या रंगाचा थर, तो वाळला की त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर गाडीचा पिवळा. मग ओल्या ब्रशनं घासलं की खालचा स्प्रे विरघळतो, पिवळा पापुद्रे होऊन सुटतो आणि गंज डोकावतो. स्टायरीनच्या कडक बॉडीवर हे जमतं, कारण तिला रंग बाहेरून असतो. शर्यतीच्या गाड्यांची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात, तिथे हा खेळ नाही. ही झाली कृती. अक्कल लागते ती कुठे घासायचं याला. पाणी जिथे साचतं तिथे गंज: दाराच्या खालची दुमड, काचेच्या रबराचा कोपरा, मडगार्डच्या आतली कड. आणि तुमच्या पिवळ्या टिपरच्या गृहस्थांची चूक सांगू? दगडखाणीवर रोज राबणाऱ्या टिपरच्या हौद्याला आतून गंज नसतो. दगड घसरून घसरून तळाचा पत्रा चकचकीत होतो, चांदीसारखा. हौदा आतून गंजतो तो गाडी उभी राहिली की. चार दिवसांच्या पावसात कामाविना उभ्या असलेल्या टिपरच्या तळाला तांबूस रंग चढतो. म्हणजे त्या गृहस्थांनी केला होता तो राबलेला ट्रक नव्हता, बँकेचा हप्ता थकून अंगणात उभा राहिलेला ट्रक होता. त्यांना ते ठाऊक नव्हतं इतकंच.

(हे उत्तर हौशी गृहस्थांना वाटतं तेवढं त्यांच्या बाजूचं नाही. संशयी गृहस्थांनी ते लगेच उचललं, यात नवल नाही.)

संशयी : माझ्यापेक्षा तुम्हीच माझी बाजू नीट मांडलीत. बघा, तुम्हाला चकचकीत तळ ठाऊक आहे, तरी तुमच्या जगात बक्षीस कशाला मिळतं? गंजाला. कारण गंज सुंदर दिसतो, आणि कामानं घासलेला पत्रा नुसताच पत्रा दिसतो. आता ट्रकच्या मालकाकडे या. पासिंगच्या आधी तो गाडी रंगवून घेतो. गंज त्याच्यासाठी तोटा आहे, तो त्यावर पुट्टी भरतो, वर कमळ काढतो, पोरांची नावं लिहितो, आरशाला काळा गोंडा बांधतो. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं मागच्या 'हॉर्न ओके प्लीज'ला बंदी घातली, तेव्हा रंगाऱ्यांनी ती जागा मोकळी ठेवली नसेल, दुसरं काही लिहिलं असेल. मालक गाडी नवी दिसावी म्हणून झटतो, तुम्ही जुनी दिसावी म्हणून. दोघंही गाडी सजवता, पण तोंडं विरुद्ध दिशांना. मग तुमची प्रतिकृती ट्रकची झाली, की ट्रककडे लांबून बघणाऱ्या माणसाच्या नजरेची?

हौशी : हा घाव बसला. मी त्यावर एवढंच म्हणेन की माझा दहा चाकी मी पासिंग करून आलेला करतोय: ताजा रंग, कमळ, गोंडा, आणि फक्त हौद्याचा तळ घासलेला. पण तुम्ही मला दिसण्याच्याच अंगणात फिरवताय. माझी खरी अडचण दिसण्याची नाही, वागण्याची आहे. चौदाव्या हिश्शाचा ट्रक जागेवर उभा असताना कितीही खरा वाटो, हलला की खोटा पडतो. खड्ड्यावरून जाताना खरा ट्रक डुलतो, हा टुणकन उडतो. मी आधी समजत होतो की किटचे पाटे वाईट. पाटे वाईट नाहीत, अंकगणित आडवं येतं.

लांबी चौदापट लहान केली की पृष्ठभाग १९६ पट लहान होतो आणि आकारमान २,७४४ पट. युरोपात ४० टनांचा भरलेला ट्रक-ट्रेलर चौदाव्या हिश्शात साडेचौदा किलोंच्या आसपास भरायला हवा. आपल्याकडे २०१८ पासून दहा चाकीला मालासकट २८.५ टन चालतात. त्याचे होतात दहा किलोंच्या थोडे वर. आता त्याच पोलादाचा, तंतोतंत चौदाव्या हिश्शाचा पाटा केला, तर त्याचा ताठरपणा कमी होतो फक्त चौदापट. ओझं मात्र २,७४४ पट कमी झालेलं असतं. खरा पाटा भरल्यावर १० सेंटिमीटर दबत असेल तर माझा सात मिलिमीटर दबला पाहिजे. तो दबतो अर्धा मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक भाग हुबेहूब करत गेलो तर सगळा मिळून ट्रक बेइमान होतो. त्याला ओझं कळतच नाही. म्हणून जाणती मंडळी पाट्यांचे जुडगे उकलतात. दिसायला नऊ पाटे ठेवायचे, त्यातले बहुतेक मऊ प्लॅस्टिकचे, काम करायला एखादाच पोलादी. वर हौद्यात खरं वजन भरायचं. मग तो दबतो, मग तो झुलतो.

संशयी : थांबा, हे फारच महत्त्वाचं आहे आणि तुम्ही ते कबुलीसारखं न सांगता युक्तीसारखं सांगताय. तुमच्या म्हणण्याचा अर्थ असा की भागाशी इमान राखलं तर चालीशी राखता येत नाही, आणि चालीशी राखायचं तर भागांत खोटं घालावं लागतं. मग कुठलं इमान मोठं, हे कुणी ठरवलं? आणि चालसुद्धा तुम्हाला पुरती मिळत नाहीच. वजन आणि पाटे साधले, पण काळाचं काय? लहान वस्तू लवकर झुलते. सिनेमावाले लहान प्रतिकृतींचं चित्रण जास्त वेगानं करून मग सावकाश दाखवतात ते याचसाठी. तुमच्या चौदाव्या हिश्शाला तो गुणाकार येतो पावणेचारच्या जवळपास. म्हणजे सगळं जुळवूनही तुमचा ट्रक खऱ्याच्या पावणेचारपट घाईनं डुलणार. डोळ्यांसमोर तो कधीच खरा वागणार नाही. मोबाइलवर चित्रण करून, सावकाश करून, नंतर बघितलात तरच.

आणि या प्रमाणाचा तुम्ही एवढा सोवळेपणा पाळता, त्याची जन्मकथा तरी कुठे सोवळी आहे? तुमच्याच तामियाचा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा पँथर रणगाडा. आत मोटार आणि सेल मावले पाहिजेत म्हणून त्याचा आकार ठरला, आणि नंतर मोजलं तर तो पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास निघाला. आज जगभरचे लष्करी मॉडेलवाले पस्तिसाव्या हिश्शावरून मिलिमीटरसाठी भांडतात. ज्याच्यासाठी भांडतात तो आकडा बॅटरीच्या सेलनं काढून दिलेला!

हौशी : सेलची गोष्ट खरी आहे आणि मला ती प्रिय आहे. प्रमाण म्हणजे वस्तूनं केलेली तडजोड असते, हे त्या एका रणगाड्यानं जितकं स्पष्ट सांगितलं तितकं कुणी सांगितलं नसेल. काळाबद्दल मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. झुलण्याचा वेग माझ्या हातात नाही, चालवण्याचा आहे. ताशी ६० किलोमीटर भागिले १४ म्हणजे सव्वाचारच्या आसपास, माणसाची सहज चाल. म्हणून जुने ट्रकवाले गाडीच्या मागून चालत तिला हाकतात, आणि शर्यतीवाले एका जागी उभे राहतात. मोटारीत तारेचे वेढे जास्त घेतले की वेग उतरतो आणि ओढ वाढते. शर्यतीवाले कमी वेढ्यांच्या मागे, आम्ही जास्त वेढ्यांच्या मागे. गाडी थांब्यावरून सुटताना धक्का न देता सुटली पाहिजे, तिसऱ्या गिअरात चढ लागला तर तिनं धापा टाकल्या पाहिजेत आणि मी गिअर उतरवला पाहिजे. जर्मनीत डॉर्टमुंडला मॉडेलांची मोठी जत्रा भरते, तिथे मातीचं बांधकाम करून त्यावर हे ट्रक आणि खऱ्या तेलाच्या दाबावर चालणारी पोकलेनं काम करतात. पोकलेन माती भरतं, ट्रक वाहतो, दुसरीकडे ओततो. कुणाला ते हास्यास्पद वाटेल. पण तिथे कुणी गंज बघत नाही. मागे घेताना ट्रेलर एका दमात लागला की नाही, ते बघतात. खडकांवर चढणाऱ्या दहाव्या हिश्शाच्या जीपवाल्यांनी तर दिसण्याची लाजच सोडलीय. गुरुत्वमध्य खाली यावा म्हणून ते चाकांजवळ पितळेचे जड भाग बसवतात, ज्याला खऱ्या गाडीत काही आधार नाही. त्यांचं इमान चढाशी.

संशयी : म्हणजे निदान तीन पंथ झाले: दिसण्याचा, चालण्याचा, काम करण्याचा. तिघांचं एकमेकांत जमत नाही आणि तिघंही स्वतःला हुबेहूब म्हणवतात. चौथा पंथ मला कुठेच दिसत नाही, आणि माझा मूळ आक्षेप तोच आहे. ट्रकमध्ये माणूस असतो. तुमच्या पुष्कळ किटांमध्ये केबिनच्या काचा काळसर असतात, कारण आत सीट नाहीत. आत रिसिव्हर, आवाजाची पेटी आणि तारांचा गुंता. ड्रायव्हरच्या जागी यंत्र बसवून तुम्ही बाहेरून मिरवता. सरकारनं २०२५ साली नव्यानं बनणाऱ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची केली. त्या नियमाला इतकी वर्षं का लागली, याचा तुमच्या छंदात कुठे मागमूस असायला हवा की नको? इंजिनाशेजारी बसून भर उन्हात नागपूर रोडला गाडी ओढणारा माणूस. त्याची फळी, त्याचा पंखा, त्याचा पाण्याचा ड्रम. तुम्ही हौद्याचा तळ घासता, दाराची दुमड गंजवता, नऊ पाटे मोजता. त्याच्या पाठीचा हिशेब कुठल्या प्रमाणात बसतो?

हौशी : आता तुम्ही अन्याय करताय. आतली केबिन करणारे आहेत, फार बारकाईनं करतात, झोपायच्या फळीसकट. पण अन्यायात थोडं खरं आहे: फळी केली तरी तिच्यावर झोपलेला थकवा करता येत नाही. तो कुठल्या कलेत चौदाव्या हिश्शानं करता येतो, ते मला सांगा. एखाद्या शिल्पकाराला तुम्ही विचाराल का, की तुझ्या नांगरट्याच्या पुतळ्याची कंबर दुखते का?

संशयी : शिल्पकार पुतळ्याला गिअर बसवून, हा खरोखर नांगरतो असं म्हणत नाही. तुम्ही म्हणता. म्हणून तुम्हाला जास्त विचारणार. चला, तक्रार सोडून एक मागणी करतो. पुण्याहून, जमशेदपूरहून नव्या चासी रस्त्यानं न्यायचे ते आठवतंय? केबिन नाही, काच नाही, दार नाही. पुढे पत्र्याचा मुखवटा, मागे उघडी चासी, आणि मध्ये एका कामचलाऊ सीटवर डोळ्यांना गॉगल, तोंडाला पंचा गुंडाळलेला माणूस, शेकडो किलोमीटर वारा खात. कारखान्यातून केबिनसकट गाड्या निघू लागल्या तसं ते कमी झालं. तुमचा दहा चाकी ज्या चासीवर उभा आहे, तिचा तो पहिला प्रवास. तो करा. गंज नाही, कमळ नाही, काळ्या काचा नाहीत. लपायला जागाच नाही.

हौशी : लपायला जागा नाही, हीच तर पंचाईत! बॅटरी कुठे ठेवू? बॉडी आहे म्हणून हा सगळा संसार झाकला जातो. थांबा, बघू. मोटार इंजिनाच्या सोंगात मावेल. साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीची मोटार आणि चौदाव्या हिश्शाचं सहा सिलिंडरचं इंजिन यात जागा उरते. डिझेलची टाकी सात-आठ सेंटिमीटर लांब होते, तिच्यात लहान लिथियम बॅटरी जाईल, जरा वेळच चालेल, पण जाईल. स्टिअरिंगचा सर्व्हो मुखवट्याच्या मागे. रिसिव्हर मात्र कुठेच बसत नाही. बारा सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं धड पोकळ केलं तर तिथे.

संशयी : घाला तिथे.

हौशी : आणि आवाजाची पेटी?

संशयी : आवाज काढून टाका. त्या माणसाच्या कानाला पंचा आहेच.

हौशी : ते नाही जमणार. उघड्या चासीवर इंजिन उघडं असतं. सगळ्यात जास्त आवाज त्याच गाडीचा, आणि तो माणूस त्याच्या शेजारी बसलेला. तुम्हाला त्याची पाठ हवी, मग त्याचे कान का नकोत? पेटी चासीच्या पट्ट्यांमध्ये आडवी बसवली तर ती वरून दिसेल, खरी वस्तू तिथे काही नसते. खोटं आहे, पण तिच्याशिवाय गाडी मुकी.

संशयी : दिसू द्या. काळा रंगही देऊ नका तिला.

हौशी : रंग तर मी देणारच.